कोणत्याच यादीत नसलेली स्त्री : तुर्भ्यातील एका नाका कामगार कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

तुर्भे परिसरातील एका पाड्यात राहणारी 27 वर्षांची बांधकाम मजूर स्त्री गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात पहिल्यांदा नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला आली. त्या दिवशी झालेल्या नेहमीच्या रक्ततपासण्यांमध्ये एचआयव्हीची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली आणि पुढे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीमध्ये, तीन वेगवेगळ्या किटवर तपासून निदान पक्के करण्यात आले. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, साधारण साडेचार वर्षांपूर्वी, मराठवाड्यातील तालुक्याच्या रुग्णालयात केलेली हीच चाचणी निगेटिव्ह होती आणि माता-बाल संरक्षण कार्डावर ती नोंद स्पष्ट होती. संसर्ग त्यानंतरच्या काळात झालेला होता. या संपूर्ण काळात मोफत चाचणी, मोफत औषधे आणि मोफत निरोध देणारी शासनाची यंत्रणा तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर सुरू होती. तरीही ती तिच्यापर्यंत का पोहोचली नाही, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, तारखा आणि काही तपशील बदलले आहेत. नावे दिलेली नाहीत.

कुटुंब आणि काम

नवरा-बायको दोघेही कोरडवाहू शेती असलेल्या घरातले. लग्नानंतर वर्षभरात दोघे कामासाठी नवी मुंबईत आले, कारण गावाकडची काही मंडळी आधीच इथे होती आणि खोली मिळवून देणारा माणूस ओळखीचा होता. दोघेही नाक्यावर उभे राहून काम धरत: तो मिस्त्रीच्या हाताखाली, ती बिगारी म्हणून. सकाळी सातच्या सुमारास नाका भरतो, नऊ-साडेनऊपर्यंत मुकादम माणसे घेऊन जातात आणि त्यानंतर जो उरतो त्याचा त्या दिवशी खाडा होतो. सरकारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग साधारण याच वेळेला उघडतो. नाका कामगाराच्या दृष्टीने दवाखान्यात जाणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे, आणि बाईची मजुरी मुळात पुरुषापेक्षा कमी.

काही काळाने नवऱ्याने बांधकाम सोडले आणि न्हावा-शेवा बंदरातून माल नेणाऱ्या ट्रेलरवर मदतनीस म्हणून तो जाऊ लागला. तेव्हापासून तो महिन्यातले बरेच दिवस बाहेर असे. ती पेरणीला आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास मुलाला घेऊन गावी जाई, तेव्हा ही दहा बाय दहाची खोली तो गावातल्याच आणखी चार-पाच पुरुषांबरोबर वापरत असे. भाडे त्यामुळे वाटले जाई. खोलीचे डिपॉझिट दिलेले होते, पण भाडेकरार कधी झालेला नव्हता.

दुसऱ्या वेळी ती सातव्या महिन्यापर्यंत नोंदणीला का आली नाही, याचे उत्तर नाक्यावरच आहे. पोट दिसू लागले की मुकादम बाईला घेत नाही, म्हणून तिने साडीचा पदर सैल घेऊन सहाव्या महिन्यापर्यंत वाळूच्या पाट्या उचलल्या. शिवाय आधार कार्डावर गावचा पत्ता असल्यामुळे इथल्या दवाखान्यात आपले कार्ड निघणारच नाही, अशी तिची ठाम समजूत होती. ही समजूत चुकीची आहे हे तिला सांगणारी पहिली व्यक्ती म्हणजे पाड्यात सर्वेक्षणासाठी आलेली आशाताई.

ज्या आजाराचे नाव घेता आले आणि ज्याचे घेता आले नाही

निदानानंतर नवऱ्याला बोलावले असता तो तिसऱ्या निरोपाला आला. त्याची चाचणी करण्याआधीच त्याने सांगितले की त्याला हे माहीत आहे. अडीच वर्षांपूर्वी दीर्घ खोकल्यामुळे तो गावी परतला होता आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याला क्षयरोग निघाला. क्षयरुग्णाची एचआयव्ही चाचणी करणे हा राष्ट्रीय कार्यक्रमातील नियमच असल्याने तीही झाली आणि पॉझिटिव्ह आली. त्याने दोन्ही उपचार सुरू केले. सहा महिन्यांनी क्षयरोग बरा झाला, वजन वाढले, तो कामावर परतला आणि एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या, गोळ्या हळूहळू सुटल्या.

बायकोला क्षयरोगाचे सगळे माहीत होते. त्या काळात तिने त्याच्यासाठी उसनवारी करून अंडी आणली होती, गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही हे ती रोज विचारत असे आणि क्षयरोगाच्या गोळ्यांची पाकिटे खोलीतल्या फळीवर उघडी ठेवलेली असत. एआरटीची पांढरी प्लास्टिकची बाटली मात्र त्याने कधी फळीवर ठेवली नाही. बाटलीत गोळ्या खुळखुळतात म्हणून तो त्या काढून वर्तमानपत्राच्या कागदात बांधत असे आणि बाटली, तिच्यावरच्या चिठ्ठीसह, परतीच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून टाकून देत असे. समुपदेशनाच्या वेळी तो म्हणाला, "टीबी झालाय म्हटलं की लोक दूध आणून देतात. ह्याचं कळलं तर गावात कोणी घोटभर पाणी देईल का?" त्याच्या खोलीतली सगळी माणसे त्याच्या गावची होती. मुंबईत कोणाला काही कळले, तर ते आठवड्याभरात गावात कळणार हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणूनच नवी मुंबईतील एआरटी केंद्रात नाव वर्ग करून घेण्याचा पर्यायही त्याने टाळला. केंद्राच्या रांगेत ओळखीचे कोणी दिसेल ही भीती त्याला आजारापेक्षा मोठी वाटत होती. गावाकडच्या केंद्रातून औषध आणायचे तर रात्रीची एसटी, परतीचा प्रवास आणि किमान दोन खाडे. पहिल्या काही महिन्यांत त्याने ते सोसले.

या सहा महिन्यांकडे नीट पाहिले पाहिजे. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण दबलेले राहिले तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता पुराव्यानिशी स्थापित झाले आहे. 2011 मध्ये जाहीर झालेल्या एचपीटीएन 052 या अभ्यासाच्या पहिल्या निष्कर्षांत लवकर सुरू केलेल्या उपचारामुळे जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. भारतात मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाली आणि 2017 पासून सीडी4 या रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. या माणसाचा उपचार टिकला असता तर, निरोध वापरण्याची सवय नसलेल्या या घरातही, त्याच्याकडून बायकोला होणाऱ्या संसर्गाची वाट बंद राहिली असती. उपचार तुटण्यामागे औषधाबद्दलचे अज्ञान नव्हते. खोलीची रचना, गावाची नजर, एसटीचा प्रवास आणि बुडणारी मजुरी या चार गोष्टी होत्या, आणि त्यांतली एकही कोणत्याच माहितीपत्रकाने सुटणारी नव्हती.

पत्नीला कळवण्याची वाट कुठे अडली

2017 चा एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणाचेही निदान उघड करता येत नाही, हा त्याचा पाया. परंतु कलम 9 नुसार, जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका असेल, रुग्णाला स्वतः सांगण्याविषयी समुपदेशन झाले असेल आणि तरीही तो सांगणार नाही अशी खात्री पटली असेल, तर त्याला पूर्वकल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतात. मराठवाड्यातील केंद्राने पत्नीला चाचणीसाठी आणण्यास त्याला अनेकदा सांगितले होते. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर एकच होते की ती मुंबईला आहे, आणि ते खरेही होते. नोंदीत "पत्नी बाहेरगावी" असे शब्द आले आणि प्रकरण तिथेच थांबले. ती ज्या शहरात होती तिथे आयसीटीसी होती, तिथे समुपदेशक होत्या. पण एका जिल्ह्यातील पुरुषाच्या फाइलमधून दुसऱ्या जिल्ह्यातील स्त्रीपर्यंत जाणारा रस्ता कोणी चालून पाहिला नाही. या ठिकाणी मी कोणा एका कर्मचाऱ्याला दोष देत नाही. एका समुपदेशकाकडे असलेल्या कामाचा बोजा पाहिला तर असे होणे अपरिहार्य वाटते, आणि म्हणूनच ही दुरुस्ती व्यक्तीवर न सोडता व्यवस्थेत व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

यादी आणि यादीबाहेर

भारतात प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे आणि बाधितांची एकूण संख्या 25 लाखांच्या घरात आहे. त्यांतील सर्वाधिक, म्हणजे 4 लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आहेत. संसर्ग सर्व समाजात सारखा पसरलेला नसून काही गटांत एकवटलेला असल्यामुळे राष्ट्रीय कार्यक्रमाने देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे यांच्यासाठी स्वतंत्र प्रकल्प उभे केले. त्यांच्या जोडीला ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार हे दोन "सेतू" गट धरले गेले, म्हणजे जास्त जोखमीच्या गटांकडून सर्वसाधारण लोकसंख्येकडे संसर्ग वाहून नेण्याची शक्यता असलेले पुरुष. हे धोरण चुकीचे नव्हते. 2010 नंतर देशातील वार्षिक नवे संसर्ग 40 टक्क्यांहून अधिक घटले, त्यात या प्रकल्पांचा आणि त्यांतील सहशिक्षकांचा वाटा मोठा आहे.

परंतु सेतूच्या पलीकडच्या टोकाला कोण उभे आहे, याची यादी नाही. या प्रकरणातील नवरा दोन वेळा यादीत होता: आधी स्थलांतरित कामगार म्हणून आणि नंतर मालवाहतुकीतील माणूस म्हणून. नाक्यावरच्या शिबिरात त्याला माहिती मिळाली होती, पानटपरीवर ठेवलेल्या डब्यातून निरोधही मिळाले होते. त्याच नाक्यावर त्याच्याच शेजारी उभी असलेली त्याची बायको मात्र कामगार असूनही त्या शिबिराच्या नजरेत नव्हती, कारण शिबिर पुरुषांसाठी होते आणि माहिती सांगणारा कार्यकर्ताही पुरुष होता. ती बायको म्हणून गणली गेली नाही, कामगार म्हणूनही नाही. गरोदर झाल्यावरच आरोग्य यंत्रणेला ती दिसली. देशातील एचआयव्ही बाधितांमध्ये स्त्रियांचे प्रमाण 40 टक्क्यांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुतेकींची ओळख "विवाहित स्त्री" यापलीकडे कुठेही नोंदलेली नसते.

आणखी एक गोष्ट तिने बऱ्याच भेटींनंतर, मूल झोपलेले असताना सांगितली. नवरा बाहेर असण्याच्या एका लांबलेल्या काळात, पावसाळ्यात नाका बसलेला असताना, एका मुकादमाने तिला सलग काही आठवडे काम दिले आणि त्याची किंमतही मागितली. तिच्याकडे नाही म्हणण्याची सोय होती असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. घरभाडे थकले होते आणि मूल आजारी होते. निरोधाचा विषय अशा वेळी काढणे म्हणजे काम गमावणेच. या अनुभवाला देहविक्री म्हणणे अन्यायाचे आहे आणि त्याला संमतीचे संबंध म्हणणे त्याहून अन्यायाचे. कार्यक्रमाच्या कोणत्याही रकान्यात तो बसत नाही.

संसर्ग नेमका कोणाकडून झाला, हे चाचणी सांगत नाही. औषधे सुटलेल्या नवऱ्याकडून तो झाला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. तरीही मुकादमाची गोष्ट फाइलमध्ये आवश्यकतेपलीकडे लिहिली गेली नाही आणि नवऱ्यापर्यंत जाऊ दिली नाही, कारण ती बाहेर आली असती तर अडीच वर्षे लपवलेल्या आजाराची सारी जबाबदारी एका क्षणात तिच्यावर ढकलली गेली असती. तिच्या ओळखीच्या कुटुंबांत असे घडलेले तिने पाहिले होते. नवऱ्याला संसर्ग कुठे झाला, हेही त्याला कोणी खोदून विचारले नाही.

काय करता आले

निदानानंतर तिसऱ्या दिवशी तिचे औषध सुरू झाले: दिवसाला एक गोळी, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची. उपचार न मिळाल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते आणि योग्य उपचाराने ती 5 टक्क्यांच्या खाली आणता येते. सातवा महिना ही उशिराची वेळ होती, पण डोल्युटेग्रॅव्हिरमुळे विषाणू वेगाने दबतात, त्याचा इथे फायदा झाला. चौतिसाव्या आठवड्यात केलेल्या तपासणीत तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, 1000 च्या खूप खाली होता. मधल्या काळात घराजवळच्या एका खासगी प्रसूतिगृहाने, रिपोर्ट पाहिल्यावर, "आमच्याकडे सोय नाही" असे सर्वांसमोर सांगून तिला परत पाठवले. कायद्यानुसार हा भेदभाव आहे. तक्रार करण्याची तयारी आम्ही दाखवली; तिने नकार दिला, कारण तक्रार म्हणजे आणखी चार लोकांना कळणे. प्रसूती पुढे सरकारी रुग्णालयात सुखरूप झाली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिला आणि नवऱ्याला एकमेकांशी बोलते करण्यात. तिला पहिला धक्का आजाराचा होता, दुसरा फसवणुकीचा. ती रागावली आणि त्या रागाला आम्ही घाईने शांत केले नाही. नवऱ्याचा जुना क्रमांक "सोच" या संगणकीय प्रणालीत सापडला आणि त्याचे नाव गावाकडून इथल्या केंद्रात वर्ग करून घेता आले. त्याची एकच अट होती: औषधासाठी गर्दीच्या दिवशी यावे लागू नये. ट्रेलर बंदरातून परतण्याचे दिवस पाहून त्याला वेळ दिली गेली आणि विषाणू दबल्यानंतर तीन महिन्यांचा साठा एकदम देण्यात आला. खाडे वर्षाला चारावर आले. जी अडचण अडीच वर्षे त्याच्या निष्काळजीपणाची म्हणून मोजली गेली असती, तिचा मोठा भाग या एका बदलाने सुटला.

मोठ्या मुलाची चाचणी हा सर्वांत कठीण दिवस होता. तिने त्याला जवळजवळ दोन वर्षे अंगावर पाजले होते आणि संसर्ग त्या काळात झालेला असू शकत होता. रिपोर्ट निगेटिव्ह आला.

बाळाला जन्मापासून सहा आठवडे नेव्हिरॅपीनचे सिरप आणि पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, असा सल्ला होता. दूध पाजणाऱ्या आईचा विषाणू दबलेला असेल तर हाच मार्ग बाळासाठी हिताचा असतो. मात्र दुधासोबत वरचे काही देणे टाळावे लागते. बाळंतपणासाठी गावाहून आलेली सासू बाळगुटी घेऊन आली होती: सहाण, वेखंड, हळकुंड, जायफळ आणि मध. तिला निदान माहीत नव्हते आणि सांगायचेही नव्हते. इथे एका साध्या गोष्टीचा आधार मिळाला. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पाणीसुद्धा नाही, हा सल्ला सगळ्याच आयांना दिला जातो. आशाताईंनी पाड्यातल्या तीन बाळंतिणींच्या सासवांना एकत्र बसवून तोच सल्ला दिला. कोणाकडे बोट न दाखवता सहाण कपाटात गेली. सर्वांसाठी असलेला नियम एखादीच्या गुपिताचे किती चांगले रक्षण करतो, हे मी या कामात वारंवार पाहिले आहे, आणि एचआयव्ही बाधितांसाठी वेगळी रांग, वेगळे कार्ड किंवा वेगळा शिक्का लावण्याच्या प्रत्येक सूचनेला माझा विरोध त्याच कारणाने आहे.

ज्या बाबतीत यश आले नाही तेही नोंदवायला हवे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे, पण अर्ज गावच्या तलाठ्याच्या चौकशीतून जातो, म्हणून दोघांनीही तो भरला नाही. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज नवा मुकादम असलेल्या बाईला तो कोण देणार? घरमालकाला कुठूनतरी कुणकुण लागली आणि पुढच्या महिन्यात खोली रिकामी करण्याचा निरोप आला. भाड्याने राहण्याच्या बाबतीत भेदभाव करण्यास कायद्याने मनाई आहे, पण ज्या भाडेकराराच्या आधारे दाद मागायची तो कागदच नव्हता. कुटुंब आता घणसोलीच्या बाजूला राहते, जिथे त्यांच्या गावचे कोणी नाही. नवऱ्याला हे सोयीचे वाटते. तिला एकटे पडल्यासारखे होते, कारण मुलांना घटकाभर सांभाळणारी शेजारीण जुन्या पाड्यातच राहिली.

नाक्यावरच्या कामात मात्र बदल सुरू झाला आहे. शिबिर आता संध्याकाळी, माणसे कामावरून परतताना होते, आणि बायकांशी बोलायला एक बाई कार्यकर्ती असते, जी स्वतः काही वर्षे बिगारी म्हणून राबली आहे. मुकादमांचा विषय ती ज्या भाषेत काढू शकते, त्या भाषेत आमच्यापैकी कोणालाही काढता आला नव्हता. आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाधित पुरुषाला आता "पत्नीला घेऊन या" एवढे न सांगता ती सध्या नेमकी कोणत्या गावी, कोणत्या वस्तीत राहते हे विचारले जाते आणि त्याच्या संमतीने तिथल्या केंद्राशी संपर्क साधला जातो.

बाळाच्या सहा आठवड्यांच्या आणि सहा महिन्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या आहेत. अंतिम खात्री अठराव्या महिन्याच्या चाचणीने होईल. ती चाचणी पेरणीच्या दिवसांत येते आणि कुटुंब तेव्हा गावी असेल, म्हणून कागदपत्रे आधीच तिकडे पाठवली आहेत. सासरच्या तालुक्यात चाचणी नको, माहेरच्या बाजूच्या केंद्रात करावी, असे तिने स्वतः सुचवले आणि तिथल्या समुपदेशकाचा फोन नंबर आपल्या मोबाइलमध्ये भावाच्या नावाने जतन करून घेतला.